दोनदा वाचलेला निरोप

बसस्थानकावर एकतीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या मनाचं एकही वाक्य तिथे बोलले नाही. माझ्या ओळखीतल्या कुणाला हे सांगितलं तर तो हसेल, कारण घरात माझं तोंड मिनिटभर बंद नसतं आणि राग तर नाकाच्या शेंड्यावरच मुक्कामाला असतो. पण त्या काचेच्या खोलीत शिरलं की समोर चिठ्ठी यायची. चिठ्ठीत असेल ते दोनदा वाचायचं, शेवटी 'प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी' म्हणायचं आणि माइकचं बटण बंद. गाडी दोन तास उशिरा असं लिहिलेलं असलं तर दोन तास. ती गाडी मागच्या आवारात चाकं काढून उभी आहे हे मला खिडकीतून दिसत असलं, तरी दोन तासच. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, स्वतःचं मत घरी ठेवून यायचं. लोकांना तुमचा आवाज हवाय, अक्कल नको."

तो आवाज तरी माझा कुठला? ताईने दिलेला. नऊ वर्षांची होईपर्यंत मी बोलताना अडखळायचे. शाळेत पोरं नक्कल करायची, मग मी त्यांना चावायचे, आणि मास्तर घरी तक्रार पाठवायचे. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती मला रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात चुलीजवळ बसवायची आणि वाणसामानाबरोबर आलेले वर्तमानपत्राचे कागद वाचायला लावायची. "एकदा घाईत वाचशील तर अडकशील. दोनदा वाच. दुसऱ्यांदा शब्द ओळखीचा होतो," म्हणायची. दोन वर्षांत माझी जीभ अशी सुटली की घरचे वैतागले. तेव्हापासून ताई मला 'भोंगा' म्हणते. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

मला मूलबाळ नाही. नवरा होता, चांगला होता, लवकर गेला. तेव्हा माझं माणूस म्हणजे ताई, आणि ती राहते नऊ तासांच्या प्रवासावर, मुलाकडे. तिच्या मुलाला आम्ही लहानपणापासून ठोंब्या म्हणतो. आता तो सेहेचाळीस वर्षांचा आहे, फ्रीज दुरुस्त करतो, आणि जगात काय चाललंय ते आपल्या एकट्यालाच कळलंय अशी त्याची खात्री आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी ताईच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग आला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. रस्ता दिसतो, पाटी नाही. फोनवरचं वाचायचं तर बंदच झालं. मग मी ठरवलं की ताईचे डोळे मी. रोज सकाळी सहाला चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायचं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर आदल्या दिवशी जे जे आलं ते सगळं मोठ्याने वाचून, रेकॉर्ड करून तिच्या एकटीच्या फोनवर पाठवायचं. कुणाचा वाढदिवस, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, सुविचार, घरगुती उपाय, फोटोत कोण कुठे उभं आहे ते. निवड करायची नाही. "मला काय ऐकवायचं ते तू ठरवू नकोस हं, मी आंधळी झालेय, बाळ झाले नाही," असं तिने बजावलं होतं. ती पलंगावर पडून, फोन उशीवर ठेवून ऐकायची आणि मग तिचा निरोप यायचा, "भोंगा, घसा बसलाय तुझा. कोमट पाणी पी आणि गप्प बस तासभर."

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना ती साथ आली आणि तिच्या मागोमाग लस आली.

आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात रांग लावली. आमच्या पिढीने लहानपणी रोगांनी माणसं नेलेली पाहिली आहेत, आम्हाला कुणी समजवावं लागलं नाही. चाळिशीतले मात्र सगळे एका रात्रीत डॉक्टर झाले. जिन्यात, लिफ्टमध्ये, जिथे भेटतील तिथे मोबाइल पुढे करून विचारायचे, "हे बघितलंत का?" आणि विशीतली पोरं? त्यांना वाटायचं हे सगळं मोठ्यांचं काहीतरी चाललंय, आपल्याला काय होतंय. मी गेले, टोचून घेतलं, दंड दोन दिवस दुखला, विषय संपला. ताईला सांगितलं नाही. मला साधी सुई टोचणार म्हटलं तरी तिकडे तिचा जीव खालीवर होतो.

आठवड्याने ठोंब्याने ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. परदेशातल्या कुठल्याशा डॉक्टरने म्हणे नोकरीवर पाणी सोडून सत्य सांगितलं होतं. ही लस घेतलेल्या साठीपुढच्या माणसांचं हृदय दोन वर्षांच्या आत थांबतं, सरकारांना हे माहीत आहे, म्हाताऱ्यांचा खर्च नको म्हणून हे चाललंय, आणि हा निरोप पुसला जाण्याआधी पुढे पाठवा. मी वाचताना हसले. एवढा भंपकपणा ताई ऐकेल आणि पोट धरून हसेल, मग ठोंब्याला फैलावर घेईल, असं मला वाटलं. मी घोट घेतला, घसा साफ केला, आणि जसं आलं तसं वाचलं. सवयीने दोनदा. आणि सवयीनेच शेवटी म्हणाले, "कृपया नोंद घ्यावी."

त्या दिवशी ताईचा निरोप आला नाही. मला वाटलं, झोप लागली असेल.

अडीचेक महिन्यांनी मी इस्त्रीवाल्याकडे कपडे आणायला गेले. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी, आणि इस्त्रीवाल्याच्या फोनमधून माझा आवाज येत होता. संथ, खणखणीत, फलाट क्रमांक चारवर येणाऱ्या गाडीची घोषणा करावी तसा. "...दोन वर्षांच्या आत हृदय थांबते." माझ्या हातातली पिशवीच गळून पडली.

"ऐका काकू, तुम्हीपण ऐका," तो म्हणाला. "फार मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत. नाव सांगत नाहीत, नोकरी जाईल म्हणून."

"अरे मेल्या, ती मी आहे!" मी ओरडले.

सगळे हसले. "काकू, तुम्ही काय कमी आहात का," इस्त्रीवाला म्हणाला, आणि त्याने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मी तर ते एकट्या ताईला पाठवलं होतं! घरी येऊन ठोंब्याला फोन केला तेव्हा उलगडा झाला. ताईने तो निरोप त्याला ऐकवला होता. त्याने लिहिलेलं ताई कधी मनावर घेत नसे, 'ठोंब्या काय, काहीही बोलतो' म्हणून सोडून द्यायची. पण माझ्या तोंडून ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला, आणि ठोंब्याला साक्षात्कार झाला की लिहिण्यापेक्षा हे बरं. त्याने माझा आवाज आपल्या वीस-बावीस ग्रुपांवर सोडून दिला. "मावशी, पन्नास हजार लोकांनी ऐकलंय," असं वर मोठ्या कौतुकाने सांगत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय बोलणार?

"आणि ताईने लस घेतली का?" मी विचारलं.

"आई? छे! तूच तर सांगितलंस ना नको म्हणून."

मी दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी पकडली. नऊ तास बसून मनात वाक्यं जुळवत होते, आणि ताईच्या दारात पाय ठेवल्याबरोबर सगळी वाक्यं विसरून तडतडायला लागले. ती पलंगाच्या कडेला बसली होती. मला नीट बघता यावं म्हणून तिने मान जराशी वळवली, हल्ली तशी वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. मी म्हटलं, ताई, अगं तो कचरा होता, मी नुसता वाचला. ती म्हणाली, "एकतीस वर्षं तुझ्या आवाजावर लोक गाडीत बसले. एकतरी गाडी खोटी निघाली का?"

कितीतरी निघाल्या होत्या, ताई. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांत माझ्या नोकरीचा केवढा अभिमान, तो मला मोडवला नाही. त्याऐवजी मी आवाज चढवला. तुझी छाती आधीच नाजूक, दर थंडीत खोकतेस, ही साथ तुला चार दिवसांत घेऊन जाईल, असं काय वाट्टेल ते बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. ती आपली एकच म्हणत राहिली, "तू वाचलंस ना." शेवटी माझा तोल गेला.

"मी स्वतः घेतलीय!" मी ओरडले. "तीन महिने झाले! बघ, मेले का मी?"

 ताईने हात पुढे करून माझं मनगट चाचपलं, धरलं आणि सोडून दिलं. मग भिंतीकडे तोंड केलं. "जा तू," म्हणाली. "मला तुझा आवाज ऐकवत नाही."

मला, भोंग्याला, ताईने जा म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुझ्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही," असं म्हणून मी त्याच पावली परतले. ताईची नात, ठोंब्याची मुलगी, स्थानकापर्यंत धावत आली, "मावशीआजी, थांब ना, थांब ना" करत. मी थांबले नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली मी.

त्याच महिन्यात नियम निघाला की साठीपुढच्यांना लस घेतल्याचा कागद असल्याशिवाय लांबच्या गाडीत बसू द्यायचं नाही. म्हणजे ताई यायची शक्यताच संपली.

मी रोज सकाळी सहाला वाचत राहिले. आता निवडून वाचायचे, खरं तेवढंच. डॉक्टरांचे खुलासे वाचले, इस्पितळांचे आकडे वाचले, शपथा घातल्या. निरोप पोचल्याची खूण यायची, ऐकल्याची कधीच आली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, दहा महिने. चहा निवून जायचा आणि मी त्या खुणेकडे बघत बसायचे. माझ्या घशाची चौकशी करणारं कुणी नव्हतं. खोटं कशाला सांगू, साथीत ताई जाईल ही भीती होतीच, पण त्याहून जास्त मला ती हवी होती. तिचं ते मान वळवून बघणं हवं होतं, तिची बोलणी हवी होती. तिच्या गल्लीतली दोन माणसं साथीत गेल्याचं ग्रुपवर आलं तेव्हा तीन दिवस मला जेवण गेलं नाही. ठोंब्याला फोन केला की तो सांगायचा, "आई बरी आहे. तुझं नाव काढलं की रडते, म्हणून आम्ही काढत नाही." मी म्हणायचे, रडते कसली, रागावलीय.

मग मी जिन्यावरून पडले. पाय ठेवणार नाही म्हणाले होते, आणि पायच मोडला. बोलाफुलाला गाठ म्हणतात ती अशी. मांडीच्या हाडात सळई घातली, तीन महिने घराबाहेर पडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई यायची, अंग पुसायची, डबा ठेवून जायची. भली बाई होती, पण मला वळवताना 'आजी, हळू' म्हणायची ते ऐकून मला रडू यायचं. माझ्या अंगाला हात लावून मला रागावणारं माणूस जगात एकच होतं.

एका सकाळी मी फोन हातात घेतला आणि वाचायला काहीच नव्हतं. म्हणजे ग्रुपवर होतं बरंच, पण मला वाचवेना. मी बटण दाबलं आणि बोलायला गेले, तर जीभ अडकली. नऊ वर्षांच्या पोरीसारखी अडकली. "ता... ताई," मी म्हटलं, "पाय मोडलाय माझा. तू... तू ये." एवढंच. पुन्हा वाचलं नाही, नोंद घ्यावी म्हटलं नाही, लशीचा विषय काढला नाही. कागदाशिवाय तिला गाडीत बसता येणार नाही हे मला ठाऊक होतं. तरीही म्हणाले, ये.

संध्याकाळी ऐकल्याची खूण आली. उत्तर मात्र आलं नाही. मी अठरा दिवस मोजले.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी बेल वाजली. मदतनीस बाईने दार उघडलं, आणि दारात ताई. एका हातात काठी, दुसरा नातीच्या खांद्यावर. आधीपेक्षा बारीक झालेली. खोलीत आली, मान वळवून माझ्याकडे कोपऱ्यातून बघितलं आणि म्हणाली, "काय गं भोंगा, जिना उतरता येत नाही का एवढी मोठी झालीस तरी?"

मी काय बोलले मला आठवत नाही. तिच्या हाताचा वास घेतला एवढं आठवतं. साबणाचा वास होता, नेहमीचाच. तिने माझी उशी सारखी केली, पांघरूण ओढलं, केसांवर हात फिरवला आणि तेल का लावत नाहीस म्हणून रागावली. मला वाटलं, सळई घातलेल्या पायावर मी आत्ता उठून नाचेन.

"कागद कसा मिळाला गं?" मी विचारलं.

"जसा सगळ्यांना मिळतो तसा," ती म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

बाकीचं नातीने सांगितलं. माझा निरोप ऐकून आजी म्हणे उठली आणि म्हणाली, मला टोचायला घेऊन चल. ठोंब्याने दारात आडवं होऊन पाहिलं, रडला, ओरडला. तो आला नाही, त्याने स्वतः अजूनही घेतलेली नाही. नातीने मात्र तिथे गेल्यावर रांगेत उभी होतीच म्हणून स्वतःही घेतली, तिला तेवढंच कारण पुरलं.

"पण मावशीआजी, मला आजीचं काही कळत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "जायच्या आधी तिने कपाट रिकामं केलं. चांगली शाल मला दिली, कानातलं आईला. बाबांना म्हणाली, दोन वर्षांत पोरीचं सगळं मार्गी लाव, मला बघायचंय. आणि सुई टोचताना माझा हात इतका घट्ट धरला, की नर्स म्हणाली, आजी, दुखत नाही हो फार. तर आजी म्हणाली, दुखण्याचं काही नाही."

 ताई परत आली तशी मी तिला पलंगावर बसवलं, तिचे दोन्ही हात धरले. यावेळी ओरडले नाही. "ताई, ते खोटं होतं," मी म्हटलं. "मी वाचलं तेव्हाच मला माहीत होतं खोटं आहे ते. गाड्याही खोट्या सांगितल्यात मी. चिठ्ठीत असेल ते वाचायचे. शेकडो खोट्या गाड्या, ताई. तुला काही होणार नाही. मला बघ, मला घेऊन चौदा महिने झाले."

"माहीत आहे मला चौदा झाले ते," ताई म्हणाली. "तू त्या दिवशी सांगितलंस, तेव्हापासून मोजतेय. तुझा आवाज आला की वाटायचं, एक दिवस कमी झाला. ऐकवायचंच नाही गं मला. फोन उशीखाली दाबून ठेवायचे."

 दहा महिने मला वाटत होतं ती रागावलीय.

"तुझे दहा महिने राहिलेत," ती शांतपणे पुढे म्हणाली, "आणि म्हणालीस ये. कागदाशिवाय येता येत नाही. मग म्हटलं, घेऊन टाकू. तू गेल्यावर मी दहा वर्षं जगून काय करू? ठोंब्याचं ऐकत बसू?"

"ताई, अगं खोटं आहे ते! ऐक ना माझं. खोटं आहे!"

"बरं, खोटं तर खोटं," ती म्हणाली, पोरांची समजूत काढतात त्या सुरात. ती माझी समजूत काढत होती. तिचा काडीइतकाही विश्वास बसला नव्हता. तिच्या लेखी आम्ही दोघी मरणार होतो, आधी मी आणि मग ती, आणि तिला हे मी सांगितलं होतं, तिनेच घडवलेल्या आवाजात. आणि ते खरं मानून ही बाई दंड पुढे करून बसली, कशासाठी, तर माझ्यासारख्या तोंडाळ बाईच्या उशाशी येता यावं म्हणून.

मला हुंदका आवरेना. सत्तरी जवळ आलेली मी, लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडायला लागले. ताईला वाटलं, मी मरणाला घाबरले. तिने मला जवळ ओढलं, माझं डोकं छातीशी धरलं आणि पाठीवर थोपटत राहिली.

"रडू नकोस गं भोंगा," ती म्हणाली. "घाबरायचं काय त्यात? मी आहे ना."